बाई, एक विचारू? : तारीख पुढे ढकलू का

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. 2013 साली उजव्या खालच्या हिरडीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून या आजाराची पत्रं माझ्याकडे येतात आणि मला जे माहीत आहे तेवढं मी लिहिते. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्याला घाई आहे.

आदरणीय बाई,

स. न. वि. वि. मी तासगाव तालुक्यातला, वय 43. स्वतःचा टेम्पो आहे, द्राक्षाची नि बेदाण्याची भाडी मारतो. विसाव्या वर्षापासून तंबाखू मळतो आणि डाव्या गालात धरतो. गणपतीच्या सुमारास त्याच जागी जखम झाली, तिखट सोसेना. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, दोन महिने त्यातच गेले. आता तुकडा तपासून आलाय, कॅन्सर आहे. अडीच सेंटिमीटर म्हणतात, गळ्यात गाठ दिसत नाही म्हणतात. ऑपरेशनची तारीख 12 डिसेंबर दिली आहे. गाल कापणार आणि गळाही कापणार. गळ्यात काही नसताना गळा कशाला, ते मला कळलेलं नाही. मुलगी दहावीला आहे, तिला काही सांगितलेलं नाही. तिचे पेपर मार्चात संपतात, माझा सीझनही त्यानंतरच उतरतो. तोवर थांबलं तर चालेल का? चुलते म्हणतात, चाकू लागला की हा रोग पसरतो, आधी झाडपाल्याचं औषध घेऊन बघ. आमच्या तालुक्याने आर. आर. आबांना जाताना पाहिलंय. एवढा मोठा माणूस वाचला नाही, तर माझं काय? आणि खरं सांगायचं तर तोंड कसं दिसेल, याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटते. नाव छापू नये.

भाऊ,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि शेवटी नुसतं "बघतो" म्हणालात. हा "बघतो" माझ्या चांगला ओळखीचा आहे, म्हणून तुम्हाला विचारून पत्र छापते आहे. अंक हातात पडेल तेव्हा तुमची तारीख आठ-दहा दिवसांवर आलेली असेल.

तारीख पुढे ढकलू नका. एक दिवसही नाही.

हे मी कशाच्या जोरावर सांगते ते ऐका. आमच्याकडे बायका मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना लावत मागच्या दारी बसायचं. आजीच्या डबीतली मी चौदाव्या वर्षी पहिल्यांदा लावली. पुढे मुलांना स्वच्छतेचे धडे दिले तरी घरात डबी होतीच. 2012 च्या डिसेंबरात हिरडीवर फोड आला, जानेवारीत तपासणी झाली, लगेच ऑपरेशन करू म्हणाले. माझ्या वर्गातली सात मुलं त्या वर्षी चौथीच्या स्कॉलरशिपला बसली होती, त्यातली दोन नक्की लागतील अशी होती. मी डॉक्टरांना म्हणाले, परीक्षा होऊ द्या. घरात कोणाला तारीख सांगितलीच नाही. असे दहा आठवडे गेले.

एप्रिलात पुन्हा जबड्याचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढला. सर्जननी जानेवारीचा आणि एप्रिलचा असे दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी लावले. पहिल्यात जबड्याच्या हाडाची कड सरळ आणि पांढरी होती. दुसऱ्यात त्याच जागी उंदराने कुरतडल्यासारखी खाच होती. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या खाचेवर बोट ठेवलं. हिरडी आणि हाडाची वरची कड काढून भागलं असतं, तिथे उजव्या बाजूचा जबडा काढावा लागला. पायातलं बारकं हाड काढून त्या जागी बसवलं. वर तीस दिवस लाईट, म्हणजे रेडिएशन. मुलं स्कॉलरशिपला बसली, दोघं लागलीही. पण शेवटचा महिना मी वर्गात असून नसल्यासारखीच होते, शेजारच्या वर्गाचे गुरुजी त्यांना शिकवत होते. मी ज्यासाठी थांबले होते, ते माझ्याविना झालं.

आता तुमचा हिशेब मांडू. 12 डिसेंबरला ऑपरेशन झालं आणि नंतर लाईट लागलाच, तर तो साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करतात, म्हणजे जानेवारीच्या शेवटाकडे. आठवड्याला पाच दिवस, असे सहा आठवडे. म्हणजे मुलीचे पेपर चालू होतील तेव्हा तुमचे शेवटचे दिवस चालू असतील. मिरजेत आणि कोल्हापुरात लाईटची सोय आहे, रोज मुंबई गाठायला लागेलच असं नाही. थांबलात तर पेपर संपतील तेव्हा तुमचं ऑपरेशन सुरूही झालेलं नसेल, आणि ते आज आहे तेवढंच राहील याची खात्री कोणी देणार नाही. पहिल्या पेपरला तिला सोडायला तुम्हीच जाल असं वचन मी देत नाही. कदाचित आई जाईल. पण तिला सांगा, आजच्या आज सांगा. दहावीतली मुलगी घरातली कुजबुज ऐकते आणि तिचा अर्थ खऱ्यापेक्षा वाईट लावते. "मला गालाचा कॅन्सर आहे, अमुक तारखेला ऑपरेशन आहे, काही दिवस मला बोलता येणार नाही." एवढी तीन वाक्यं पुरेत. मी माझ्या मुलाला सांगितलं नव्हतं. त्याला फाईल सापडली. तो माझ्यावर चिडला नाही, पण त्यानंतर वर्षभर माझी प्रत्येक पिशवी तपासायचा.

चुलत्यांचं म्हणणं आमच्याकडेही घरोघर ऐकायला मिळतं. चाकूने हा रोग पसरत नाही. लोक फार उशिरा येतात, रोग आधीच पुढे गेलेला असतो, आणि ऑपरेशननंतर माणूस गेला की दोष चाकूवर येतो. झाडपाला घेत घालवलेले महिने मात्र कोणी मोजत नाही. चुलत्यांशी वाद घालू नका. त्यांना सोबत घेऊन जा आणि सर्जनसमोर त्यांनाच हा प्रश्न विचारू द्या.

गळ्याचा तुमचा प्रश्न फार चांगला आहे. हाच प्रश्न टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनाही पडला होता. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, गळ्यात गाठ हाताला लागत नाही, अशा वेळी गळ्यातल्या ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ आली तर काढाव्यात? डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 500 रुग्णांचे दोन गट करून ते पाहिलं आणि 2015 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं. ज्यांच्या ग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले तीन वर्षांनी शंभरात 80 जण हयात होते. जिथे वाट पाहिली, तिथे शंभरात 67.5. न दिसणारे बारीक कण ग्रंथींत आधीच जाऊन बसलेले असू शकतात, ते हाताला लागत नाहीत आणि फोटोतही सापडत नाहीत. तुमचा गळा उघडणार आहेत तो एवढ्यासाठी. आपल्या परळच्या हॉस्पिटलमधून, आपल्यासारख्याच तंबाखूवाल्यांच्या तोंडांवरून हे जगाला कळलं आणि आता ते तुमच्या उपयोगी पडतंय.

एक त्रास मात्र होऊ शकतो, तो आधी माहीत असू दे. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्या बाजूचा खांदा उतरू शकतो, हात वर जायला त्रास होतो. तुम्ही स्टिअरिंग धरणारे. डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, रोज जिथवर जाल तिथे खडूने रेघ ओढायची. मला वेणी घालता यायला तीन महिने लागले.

आबांबद्दल लिहिताना माझाही हात थांबतो. 16 फेब्रुवारी 2015 ला ते गेले, दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत कोणी जेवणाचे डबे उघडले नाहीत. पण भाऊ, त्यांच्या आजाराचे कागद मी पाहिलेले नाहीत, तुम्हीही नाहीत. तुमच्या कागदावर अडीच सेंटिमीटर लिहिलंय आणि गळा मोकळा लिहिलाय. याच आजाराचं ऑपरेशन शरद पवारांचंही झालं, त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि सुपारीच्या सवयीबद्दल ते स्वतः जाहीरपणे बोलले आहेत. मोठ्या माणसांची नावं घेऊन आपलं आयुष्य मोजू नका. डॉक्टरांना आपल्या कागदाबद्दल विचारा.

आता तोंडाचं. यात मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मी वॉर्डच्या बाथरूममध्ये आरसा पाहिला. तो उंच लावलेला होता, मला टाचा उचलाव्या लागल्या. उजवी बाजू सुजून कान झाकला गेलेला, हनुवटीपासून कानामागे टाके, खालचा ओठ लोंबलेला आणि त्यातून लाळ. मी परत येऊन चादर डोक्यावर ओढून घेतली. शेजारच्या खाटेवर सोलापूरच्या एक विडी वळणाऱ्या बाई होत्या, त्यांचं ऑपरेशन माझ्या आधी आठवडाभर झालेलं. त्यांनाही बोलता येत नव्हतं. त्यांनी माझी चादर बाजूला केली, माझं बोट धरून स्वतःच्या गालावर ठेवलं आणि दाबलं. गाल मऊ होता. चार दिवसांपूर्वी मीच पाहिला होता तेव्हा तो घट्ट, चकचकीत होता. सूज उतरते हे मला सर्जननी दोनदा सांगितलं होतं. पटलं ते त्या बोटाने.

सूज दीड-दोन महिन्यांत पुष्कळ उतरते. लाईटमध्ये थोडी परत येते, मग वर्षभरात चेहरा आपली घडी धरतो. ती जुनी घडी नसते. तुमच्या गालाला छातीची किंवा हाताची कातडी लावतील. पुरुषांना छातीची लावली तर तोंडात केस उगवतात. हे आधी कोणी सांगत नाही आणि घरी गेल्यावर माणूस घाबरतो. सर्जन ते कापून देतात, आणि लाईट झाला की बहुतेकांचे उगवायचे थांबतात. दाढी एका बाजूला विरळ येईल. मिशी ठेवलीत तर टाक्याची रेघ झाकेल, उपचाराच्या वेळी मी राहिले त्या धर्मशाळेत दोघांनी तसंच केलं होतं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी शाळेत गेले. पहिलीचा नवा वर्ग. तोंडावर पदर धरूनच आत शिरले. एक पोरगा उठला आणि म्हणाला, "बाई, तुमचं तोंड वाकडं का?" मी म्हणाले, आजारी होते, डॉक्टरांनी दुरुस्त केलं. "दुखतं का?" नाही म्हणाले. त्याने पेन्सिल पुढे केली आणि टोक करून मागितलं. मी दोन्ही हातांनी टोक काढत बसले, पदर कधी खाली आला ते कळलं नाही. मोठी माणसं मात्र बघतात. लग्नाकार्यात बघतात, एसटीत बघतात. वर्ष-दीड वर्ष ते लागतं. मग आपलं तिकडे लक्ष जात नाही. हे असंच होतं, मी स्वतःवर पाहिलंय आणि इतरांवरही.

हॉस्पिटलात जाताना पाटी घेऊन जा. मोबाइल नाही, दगडी पाटी आणि दोन-तीन पेन्सिली. श्वासासाठी गळ्यात नळी घातली तर ती निघेपर्यंत आवाज फुटत नाही, आणि सलाईन लावलेल्या हाताने मोबाइलवर टाइप होत नाही. माझ्या पाटीवरचा पहिला शब्द "पाणी" होता. पाणी मिळालं नाही, नर्सने ओला कापूस ओठांना लावला. दुसऱ्या दिवशी "उशी". तिसऱ्या दिवशी माझ्या मालकांनी पाटी हातात घेतली आणि बोलता येत असूनही लिहून विचारलं, "दुखतंय का?" आम्ही दोघं मग आठवडाभर पाटीवरच बोललो. पुसायला ओलं फडकं लागतं, तेही न्या.

नाकातून पोटात नळी असेल, त्यातून जेवण. दर दोन तासांनी साधारण एक पेलाभर, तेही हळूहळू. दूध, वरणाचं पाणी, पातळ पेज, नर्स सांगेल ते, पण प्रत्येक गोष्ट फडक्यातून गाळून, नाहीतर नळी तुंबते. शेवटी साधं पाणी सोडायचं. वहिनींना हे वॉर्डमध्येच शिकून घेऊ द्या, घरी पाठवायच्या आधी.

बोलणं परत येतं, पण आपोआप येत नाही. माझा खालचा ओठ बधिर झाला होता. ओठ मिटून काढायची अक्षरं, प, फ, ब, भ, म, सगळी वाऱ्यावर जायची. इतकी वर्षं मी ती ओळ मुलांकडून घोटून घेतली आणि आता माझ्या मुलाच्या वयाची स्पीच थेरपिस्ट ती माझ्याकडून घोटून घेत होती. "म" सगळ्यात आधी आला. "भ" यायला श्रावण उजाडला. तुमचं ओठापर्यंत येणार नसेल तर तुम्हाला हा त्रास कमी होईल, पण व्यायाम सांगितला तर सोडू नका.

तोंड उघडण्याचा व्यायाम तर अजिबात सोडू नका. गालाचं ऑपरेशन आणि लाईट, दोन्हींनी जबडा आवळत जातो. मला आईस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या. काड्या एकावर एक रचायच्या, दातांमध्ये घालायच्या, मोजून धरायच्या, मग मध्ये आणखी एक सरकवायची. पहिल्या दिवशी सहा बसल्या. सातवी घालताना डोळ्यांतून पाणी आलं. दिवसातून पाच वेळा. नवव्या महिन्यात पंधरा बसल्या आणि मी भाकरीचा तुकडा हाताने तोंडात घातला. चार दिवस कंटाळा केला की दोन काड्या कमी व्हायच्या, म्हणून भिंतीवर कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायचे. तुम्ही गाडीच्या डायरीत लिहा, जिथे भाड्याचा हिशेब लिहिता.

खिशातल्या पुडीबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, पण फोनवर बोलताना मला मळल्याचा आवाज आला. मला तो आवाज माहीत आहे. भाऊ, लावलेल्या कातडीला रक्त पोचलं तर ती धरते. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, जखम भरू देत नाही, आणि जो माणूस उपचारातही खात राहतो त्याचा आजार परत येण्याची भीती जास्त. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. 1800112356 हा सरकारचा फुकट नंबर आहे, पुडीवरच छापलेला असतो, तिथे सोडायला मदत करतात. डॉक्टरांना लपवू नका, त्यासाठी औषधंही आहेत. मी मिश्रीची डबी विहिरीत टाकली होती आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे मागायला गेले होते. तिने दिली नाही. तिचे उपकार आहेत.

पैशाचं पत्रात लिहिलं नाहीत, पण टेम्पो उभा राहणार म्हणजे तो प्रश्न आहेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि लाईट येतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, उद्याच भेटा. परळला जायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, मी तिथेच राहिले. तिथे जिन्यावर बसलेला प्रत्येक माणूस नाकात नळी घालून बसलेला असतो आणि कोणी कोणाकडे टक लावून पाहत नाही.

ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं तपासणीची एकही तारीख चुकवू नका, आजार परतला तर बहुतेक वेळा त्याच काळात परततो. आणि ज्या दिवशी गाडी परत बाहेर काढाल, मला फोन करा.

बाई,

सासूबाई 62 वर्षांच्या. जिभेचं ऑपरेशन झालं, आता लाईटचे 17 झाले, 13 राहिलेत. तोंडभर फोड, चहा सोडून काही जात नाही. परवापासून म्हणतात, बास झालं, मला गावी नेऊन सोडा. जबरदस्ती करू का? (डोंबिवली)

ताई,

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येकाला असंच वाटतं, मलाही वाटलं होतं. जबरदस्ती करू नका, पण लाईट थांबवूही नका. मध्ये खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो. त्यांची तक्रार लाईटची नाही, दुखण्याची आहे, आणि दुखण्यावर इलाज आहे. डॉक्टरांना "दुखतंय" एवढंच सांगू नका. "काल दिवसभरात तीन कप चहा गेला, वजन अडीच किलो उतरलं" असं आकड्यांत सांगा. दुखणं कमी करणारं औषध जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं, आमच्या वॉर्डात निम्मे लोक ते जेवून झाल्यावर घ्यायचे.

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. त्याने दर दोन तासांनी चूळ, गुळण्या जोरात नाहीत, नुसतं तोंडात फिरवून सोडायचं. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. जिभेवर दह्यासारखे पांढरे थर दिसले तर ती बुरशी असू शकते, लगेच दाखवा. ताप आला किंवा पाणीही गिळवेना झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

खायला गार किंवा कोमट. नाचणीचं सत्त्व दुधातलं, केळ्याचं शिकरण मिक्सरमधून काढून, तूप सोडून घोटलेला वरणभात, चालत असेल तर मऊ अंडं. आंबट नको, टोमॅटो नको, फोडणीतली मोहरीसुद्धा टोचते. थाळी वाढून समोर ठेवू नका, ती पाहूनच पोट भरतं. वाटी द्या, दर दीड-दोन तासांनी. एवढं करूनही वजन उतरत राहिलं आणि डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणाले तर हो म्हणा. सासूबाईंना वाटेल आपण हरलो. त्यांना सांगा, नळी घातली की रोज जेवताना होणारी ती लढाई थांबते. वजनाचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. लाईटच्या वेळी तोंडावर जो जाळीचा मुखवटा बसवतात तो त्यांच्या चेहऱ्याच्या मापाचा असतो. गाल उतरले की तो सैल होतो आणि माप पुन्हा घ्यावं लागू शकतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. शेवटचा लाईट झाल्यावर तोंड लगेच बरं होत नाही. आठ-पंधरा दिवस तसंच राहतं, कधी वाढतंही. मग हळूहळू ओसरतं. चव त्याहून उशिरा येते. मला महिनोन्महिने सगळं ओल्या कागदासारखं लागायचं. एका दुपारी ताक पिताना एकदम जिरं कळलं. मी भांडं खाली ठेवलं आणि मालकांना हाक मारली, त्यांना वाटलं ठसका लागला.

आणि दात. लाईट झालेल्या जबड्यातला दात परस्पर कोणाकडून काढून घ्यायचा नाही, हाड भरून न येण्याचा धोका असतो. आज नाही, पाच वर्षांनीही नाही. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. हे त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बाई,

वय 24, चंद्रपूर. दिवसाला चार-पाच खर्रे होतात. वर्षभरापासून तिखट लागत नाही आणि तोंड पूर्ण उघडत नाही. गाठ नाही, जखम नाही. म्हणजे कॅन्सर नाही ना?

बाळा,

गाठ नाही म्हणून बरं आहे असं समजू नकोस. तू सांगतोस ती लक्षणं सुपारीने गालाची आतली कातडी आवळल्याची आहेत, आणि ही कातडी पुढे कॅन्सरकडे जाऊ शकते. घोटलेल्या खर्ऱ्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही असतात. पुष्कळ जण तंबाखू सोडतात आणि साधी सुपारी चघळत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला एकटीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. दोन्ही सोडायचं, आजपासून. आवळलेली कातडी पूर्ववत होईलच असं नाही, पण पुढचं आवळणं थांबवता येतं, आणि माझ्यासारखे काड्यांचे व्यायाम तुलाही शिकवतील.

आत्ता आरशासमोर जा. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघ. दोनच जात असतील तर या आठवड्यात नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी गाठ, चंद्रपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. डॉक्टर मापून जो मिलिमीटरचा आकडा सांगतील तो मला पोस्टकार्डावर लिहून पाठव. तीन महिन्यांनी पुन्हा मापून घे आणि तोही पाठव.